हिवरदऱ्याचा दोर

तीन वर्षं लागोपाठ आम्ही हरलो होतो, आणि प्रत्येक वर्षी गावाने हरण्याचं वेगळं कारण सांगितलं. पहिल्या वर्षी म्हणे जमीन ओली होती. दुसऱ्या वर्षी टाकळमाळच्या बायका अंगाने जाड होत्या. तिसऱ्या वर्षी दोर नवा होता, हाताला टोचत होता. मी तिन्ही वर्षं तलावाच्या भरावावर बसून बघितलं होतं. जमीन दोन्ही बाजूंना सारखीच ओली होती, आणि दोर तर एकच होता.

हिवरदरा आणि टाकळमाळ या दोन गावांच्या मधे पाझर तलाव आहे. चैत्र लागला की पाणी मागे सरतं आणि तलावाच्या पोटात कोवळं गवत उगवतं. ओल्या गाळात काकड्या, दोडके, वाळकं चांगली येतात. पण तो पट्टा दोन गावांना पुरेल एवढा नाही. माझं लग्न होऊन तीन-चार सालं झाली असतील, तेव्हा यावरून काठ्या निघाल्या आणि दोन डोकी फुटली. मग दोन्हीकडच्या जाणत्यांनी बसून ठरवलं, की यात्रेच्या दुसऱ्या दिवशी भरावाखालच्या मैदानात दोर ओढायचा. जे गाव जिंकेल त्याच्याकडे तलावाचं पोट, पाऊस पडेपर्यंत. दोर गड्यांनी ओढायचा नाही, कारण गडी हरले की परत काठ्या काढतील. बायकांनी ओढायचा. आठ इकडच्या, आठ तिकडच्या. तीन खेपा. दोन जिंकेल ते गाव जिंकलं.

आमची वस्ती गावापासून कोसभर, माळावर आहे. बारा घरं, सगळी मेंढ्यांची. गाव जिंकलं तर आमच्या मेंढ्या तलावात चरतात. हरलं तर आम्ही बिऱ्हाड घोड्यावर टाकून गोदावरीकाठच्या गंगथडीच्या वाटेला लागतो, दोन-अडीच महिने. म्हणजे दोर ओढायचा गावाने आणि चालायचं आम्ही. वस्तीवरच्या बाईने त्या दोराला कधी हात लावलेला नव्हता. पहिल्यापासून तसं होतं, एवढंच.

दोन वर्षांपूर्वी अशाच चालण्यात, वाटेतल्या एका बाभळीखाली माझी सून मोहिनी बाळंत झाली. सातवा महिना होता. पोरगी तासभर राहिली. दुसऱ्या दिवशी कळप पुढे निघाला, कारण पाणी पुढे होतं, आणि मोहिनीही त्याच्यामागे चालली. त्यावर ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. यंदा तिला पुन्हा दिवस होते. यात्रेपर्यंत आठवा लागणार होता. तिला मागे ठेवावं म्हटलं तर कोणाजवळ? वस्ती उठते तेव्हा सगळीच उठते, मागे कुत्रंसुद्धा राहत नाही.

म्हणून फाल्गुनात एका सकाळी मी गावात सत्यशीलाबाईंच्या घरी गेले. गावच्या आठ बायका निवडायच्या त्यांनी, शिकवायच्या त्यांनी, आणि दोरही त्यांच्याच ओसरीवर खुंटीला टांगलेला असायचा. घर मोठं, जमीन मोठी, आवाजही मोठा.

"या बायनाबाई," त्या म्हणाल्या. "ताक घ्या. कोकरू आणलं काय इकायला?"

"न्हाई वैनी. दोर मागायला आले."

"दोर? विहिरीत काय पडलं?"

"यात्रंचा दोर. औंदा वस्तीवरच्या चार बाया घ्या."

त्या हसल्या, मग मी हसत नाही हे बघून थांबल्या. "आजवर वस्तीची बाई दोराला लागलेली न्हाई."

"तीन साल आपुन जितलेलाव बी न्हाई."

दारात त्यांची सून तेजश्री उभी होती. तिने पदर तोंडाला लावला. सत्यशीलाबाईंनी तिच्याकडे वळून बघितलं, तशी ती आत गेली.

"नियम हाय बायनाबाई. गावच्या मतदार यादीत नाव पायजे."

"हाय. गेल्या साली वस्ती गावच्या यादीत आली. सातव्या पानावर. मी सोता बघितलं."

"वय काय लिवलंय?"

"बासष्ट. खरं देवाला ठाऊक."

"आन तुमी ओढणार?"

"मी न्हाई ओढणार. मी धरणार."

त्यांना ते कळलं नाही. पण मी ओसरीवरून उठले नाही, ताकाचा दुसरा पेलाही नको म्हणाले नाही, तेव्हा त्यांना एवढं कळलं की ही बाई उठणार नाही.

"उद्या सकाळी या," त्या म्हणाल्या. "आधी ट्रॅक्टर ओढून दावा."

गावच्या बायकांचा सराव ट्रॅक्टरवर चालायचा. सत्यशीलाबाईंचे मालक विजयसिंह ट्रॅक्टर गिअर काढून रस्त्यात उभा करायचे, त्याला दोर बांधायचा आणि ओढायचा. मी वस्तीवरच्या तिघींना घेऊन गेले, तेव्हा गावच्या बायका दोर हातात घेऊन तयार होत्या. त्यांच्यात पुढे छबुबाई होती. ती कड्याच्या कारखान्याला ऊस तोडून चारच दिवसांपूर्वी परत आली होती. सहा महिने मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढलेली बाई. मान बैलासारखी, आणि तोंड त्याहून मोकळं.

"सा म्हयने ऊस ओढला," ती म्हणाली, "आता ट्रॅक्टर ओढा म्हणतेत. फुडल्या साली समदा कारखाना आणतील, म्हणतील छबे, ओढ."

"हैश्या!" सत्यशीलाबाई ओरडल्या. बायकांनी हिसका दिला, ट्रॅक्टर हलला, आणि एकदा हलल्यावर वीस पावलं सरळ चालत गेला. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मग आम्ही चौघींनी ओढला. चार पावलं आला आणि थांबला. टाळ्या वाजल्या नाहीत. कोणीतरी मेंढीसारखं ओरडून दाखवलं.

"बघितलं?" सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"वैनी," मी म्हणाले, "ह्यो ट्रॅक्टर माघारी ओढतो काय?"

"तो कावून ओढील?"

"टाकळमाळच्या बाया ओढतेत."

विजयसिंहांनी उगाच चाकाला हात लावून बघितला.

तीन वर्षं भरावावर बसून मी हेच बघितलं होतं. आमच्या बायका पहिल्या हिसक्याला दोर दोन हात आपल्याकडे आणायच्या. ट्रॅक्टर एकदा हलला की आपणहून चालतो, तसं पुढचं आपोआप होईल असं त्यांच्या अंगाला वाटायचं. त्या श्वास घ्यायला जरा ताठ व्हायच्या, आणि तेवढ्यात दोर जायचा. टाकळमाळच्या दोराच्या शेपटाला सारजाबाई उभी असते. ती त्यांच्या वस्तीवरची, माझ्यासारखीच मेंढ्यांमागे पाय झिजवलेली. दोराची रीत पडायच्या आधी गंगथडीच्या वाटेवर आम्ही कितीदा एका चुलीवर भाकरी केल्या होत्या. ती कधी ओढत नाही. ती खाली बसल्यासारखी उभी राहते आणि धरते.

दुसऱ्या दिवशी मी आमचा मोठा मेंढा नेला. त्याच्या गळ्यात जाड पट्टा घालून दोर बांधला आणि सत्यशीलाबाईंच्या हातात दिला.

"ओढा."

त्यांनी ओढला. मेंढ्याने पाय रोवले. त्यांनी आणखी जोर लावला, तसा मेंढा एकदम दोन पावलं पुढे आला. सत्यशीलाबाई धुळीत बसल्या. त्यांना दोर सोडायचं सुचेना आणि मेंढ्याला थांबायचं सुचेना. पाच-सहा हात त्याने त्यांना तसंच ओढत नेलं. छबुबाई हसता हसता खाली बसली. मला वाटलं, झालं, आता आपली वस्ती पुन्हा या वाटेला यायची नाही.

सत्यशीलाबाई उठल्या. लुगड्याची धूळ झटकली, पदर खोचला आणि हात पुढे केला. "परत द्या."

त्या दिवसापासून मला त्या बाईविषयी वेगळं वाटायला लागलं.

मी त्यांना सांगितलं ते असं. मेंढा ओढायचा नसतो, धरायचा असतो. तो सगळा जोर लावतो तेव्हा आपण काही करायचं नाही. फक्त जागा सोडायची नाही. जोर लावताना त्याची छाती भरलेली असते. ती कायम भरलेली राहत नाही. कधीतरी तो श्वास सोडतो. तेवढ्यात एक पाऊल मागे घ्यायचं. एकच. दुसरं घ्यायला गेलात तर तुमचाच श्वास सुटतो आणि मेंढ्याला ते तुमच्याआधी कळतं.

मेंढ्यावर एकेकीचा हात बसला. पण चार गावच्या, त्यांत तेजश्रीही, आणि चार वस्तीवरच्या, अशा आठ जणींना मिळून धरायला काहीतरी मोठं हवं होतं. राधाकिशनची म्हैस गावात प्रसिद्ध होती. संध्याकाळी पाण्याला सुटली की ती राधाकिशनला घेऊन जायची, राधाकिशन तिला नाही.

"माझ्या म्हशीला दोर लावता?" तो म्हणाला. "दूध आटलं म्हंजी?"

"आटलं तर तुमच्या च्यात मेंढीचं घालू, भाऊ," छबुबाई म्हणाली.

"आठ बाया एका मुक्या जनावराला..."

"आवो, तुमी रोज एकटे जाता आन भिजून येता. आमी आठ हाव, निदान तिला सोबत तरी व्हईल."

पहिले तीन दिवस म्हशीने आम्हा आठ जणींना तळ्यात नेलं. गाव भरावावर येऊन बसायला लागलं. गुडघाभर पाण्यात उभ्या आठ बायका, पुढे डोळे मिटून बसलेली म्हैस, आणि मागे "तिला लागलं का बघा" म्हणत फिरणारा राधाकिशन. टाकळमाळलाही ही बातमी गेली. तिकडची माणसं बाजारात आमच्या माणसांना विचारायची, म्हशीला सरपंच करता काय?

चौथ्या दिवशी भांडण झालं. धरणं आता सगळ्यांना जमत होतं, पण पाऊल एका वेळी पडत नव्हतं. सत्यशीलाबाई दोराच्या मधे उभ्या राहून "हैश्या" म्हणायच्या. मधल्या बाईला म्हशीचं नाक दिसत नाही. ती श्वास कधी सोडते ते फक्त सगळ्यात पुढच्या बाईला दिसतं.

"हाक छबुबाईनं द्यावी," मी म्हणाले.

सत्यशीलाबाईंनी दोर सोडला. "म्हंजी ही मला हुकूम देणार?"

"हुकूम कावून, वैनी?" छबुबाई म्हणाली. "मी नुसतं हां म्हणीन."

"वीस साल झाले ह्या दोरावर माझी हाक हाय."

"त्यातले तीन साल मी बी हुते. ऐकली मी तुमची हाक."

"मग जा की. तुझ्याबिगर आडलं न्हाई कुणाचं."

छबुबाईने हात पुसले. "तुमचा दोर तुमाला ऱ्हाऊ द्या. माझा कोयता मला हाय." आणि ती निघून गेली. म्हशीने मधल्या वेळेत आपला रस्ता धरला.

दोन दिवस सराव झाला नाही. यात्रेला नऊ दिवस राहिले होते. रात्री मोहिनी माझ्या तळहातांना तेल लावायची. सालटं निघाली होती, त्यामुळे हलक्या बोटाने लावायची. दुसऱ्या रात्री ती खाली मान घालून म्हणाली, "आत्याबाई, हारलाव तर मी चालंन. तुमी ह्या वयात हातपाय मोडून घिऊ नका."

"तू चालणार न्हाईस."

"मागं बी चाललेच की."

दोन वर्षांत त्या गोष्टीवर तिने काढलेला हा पहिला शब्द होता. मी हात तिच्या हातातून काढून घेतला. मनात एवढंच ठरवलं, की सकाळी सत्यशीलाबाईंच्या पायाशी बसावं लागलं तरी बसायचं.

बसावं लागलं नाही. सकाळी गावात गेले तर तेजश्री वाटेतच भेटली. म्हणाली, "सासूबाई काल गावातल्या जुन्या बायांना घिऊन म्हशीला धरायला गेलत्या. पार गळ्यापस्तोर पाण्यात गेल्या. तिथनं वल्ल्या लुगड्यानं तश्याच छबुबाईच्या घरी गेल्या." दोघींत काय बोलणं झालं ते त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. त्या संध्याकाळी छबुबाई दोराच्या पुढे उभी होती आणि तिच्यामागे, दुसऱ्या जागेवर, सत्यशीलाबाई.

छबुबाई 'हां' म्हणायची. एवढंच. आठ पायांचा एक आवाज यायचा. त्यानंतर सहाव्या दिवशी म्हैस पाण्याकडे निघाली, थांबली आणि मान वळवून आमच्याकडे बघत राहिली. राधाकिशन म्हणाला, "आता हिला घरी कोण न्हेणार? माझ्या तर आवाक्यातली ऱ्हायली न्हाई."

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर दोन्ही गावं भरावाखाली जमली. टाकळमाळकडून अमरसिंह पुढे होते. पांढरे कपडे, गळ्यात शिट्टी, बायकांना हाक द्यायचं काम त्यांचंच. आमची रांग बघून त्यांनी हात वर केला.

"ह्या चौघी कोण? हे चालायचं न्हाई. वस्ती म्हंजी गाव न्हवं."

सत्यशीलाबाईंनी कमरेची पिशवी उघडून यादी काढली. "सातवं पान. वाचा."

अमरसिंहांनी वाचलं, पुन्हा वाचलं. "आता यादीत हाय म्हणून..."

"यादीत हाय म्हणून न्हाई," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "यादीत नसत्या तरी माझ्या गावच्याच हायेत. आन तुमच्या शेपटाला सारजाबाई काय तुमच्या वाड्यातली हाय व्हय?"

सारजाबाई दोराच्या त्या टोकाला उभी होती. तिने लांबून माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी जराशी वर केली. मीही केली. मग दोर काखेखालून घेऊन पाठीवर टाकला.

पहिली खेप आम्ही हरलो. दोर ताणला गेला, टाकळमाळने पहिला हिसका दिला, आम्ही धरला. सगळं ठरल्यासारखं चाललं होतं. तेवढ्यात छबुबाईच्या आधी सत्यशीलाबाईंच्या तोंडून "हैश्या!" निघालं. वीस वर्षांची सवय. निम्म्या बायकांनी पाऊल घेतलं, निम्म्यांनी नाही. सारजाबाईला तेवढं पुरलं. माझे पाय जमिनीवरून सुटले आणि मी पोटावर आपटले.

भरावावरून हसणं आलं. त्यात "म्हैस आणा रे" असंही कोणीतरी ओरडलं. मी उठून बसले तेव्हा मला समोर मैदानाच्या कडेच्या बाभळीखाली मोहिनी दिसली. एक हात पोटावर ठेवून ती उभी राहिली होती. मी लांबूनच हाताने खूण करून तिला खाली बसवलं.

सत्यशीलाबाई कोणाकडे बघत नव्हत्या. त्यांनी पदराचं टोक घेतलं, त्याचा बोळा केला आणि तोंडात कोंबला. मग छबुबाईच्या पाठीवर थाप मारली.

दुसरी खेप आम्ही जिंकलो. टाकळमाळच्या बायकांनी तीनदा जोर केला, तीनदा आम्ही जागा सोडली नाही, आणि चौथ्यांदा त्या दमल्या. छबुबाईचं 'हां' मला शेवटच्या जागेवर नीट ऐकू येत होतं, कारण आमच्या बाजूला दुसरं कोणी बोलतच नव्हतं. पाऊल, धर. पाऊल, धर. खुणेचं लाल फडकं आमच्या रेघेवर आलं, तेव्हा गावाला ओरडायला जरा वेळ लागला. इतक्या सावकाश जिंकलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला सारजाबाईने आपल्या बायकांना काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला लांबून कळलं. शिट्टी वाजली, आणि या वेळी त्यांनी हिसका दिलाच नाही. त्यांनीही धरला.

दोर मधे तारेसारखा उभा राहिला. ना इकडे, ना तिकडे. माणसं ओरडायची थांबली. माझ्या टाचा खाली जमिनीत उतरल्या होत्या, मांड्या थरथरत होत्या, पाठीवर दोर चटका देत होता. मला पुढच्या तेजश्रीची पाठ सोडून काही दिसत नव्हतं. तिच्या पाठीवर घामाचा डाग होता आणि तो हळूहळू मोठा होत होता. मी त्या डागाकडे बघत राहिले. मनात म्हणत होते, ही बाभळीखाली बसलेली बाई यंदा चालणार नाही. चालणार नाही. बाकी काही म्हणतच नव्हते.

किती वेळ गेला सांगता येत नाही. भरावावर कोणीतरी म्हणालं, "सोडवा रे, बरोबरीत सोडवा." मी सोडणार नव्हते. आणि पलीकडच्या टोकाला सारजाबाईही सोडणार नव्हती, हे मला दोरातून कळत होतं.

पण अमरसिंहांना दम निघेना. धरून उभं राहणं म्हणजे त्यांना हरल्यासारखंच वाटत असावं. ते दोराजवळ धावत आले आणि हात हलवून ओरडले, "ओढा! काय बघताय? हैश्या!"

"धरा!" पलीकडून सारजाबाईचा आवाज आला. "पोरींनो, धरा!"

"हैश्या!" अमरसिंह ओरडले.

पोरींनी कोणाचं ऐकायचं? शिट्टी ज्याच्या गळ्यात त्याचं ऐकलं. सात जणींनी एका आवाजात उत्तर दिलं, "हैश्या!" इतक्या मोठ्याने म्हणायचं तर छातीतला सगळा श्वास बाहेर टाकावा लागतो.

"हां," छबुबाई म्हणाली.

आम्ही एक पाऊल घेतलं.

"हैश्या!"

"हां."

त्यांनी ओरडायचं आणि आम्ही पाऊल घ्यायचं. सारजाबाई एकटी धरून होती, पण एकटीने किती धरायचं? बाराव्या का तेराव्या पावलाला लोकांचा आवाज आला, आणि तेजश्रीची पाठ माझ्या अंगावर पडली. आम्ही आठही जणी एकमेकींवर पडलो होतो. सत्यशीलाबाईंनी तोंडातला बोळा काढला. पहिला शब्द काय काढतील असं मला वाटलं. त्या म्हणाल्या, "पाणी."

मोहिनीनेच आणून दिलं. तांब्या माझ्या हातात दिला. "ऱ्हायचं का मग आता?" तिने विचारलं.

"ऱ्हायचं," मी म्हणाले.

मग मी सारजाबाईकडे गेले. ती जमिनीवर बसून तळहातांवर फुंकर घालत होती.

"बायने, मी धरा म्हणत हुते."

"ऐकलं मी."

"तुला ऐकू आलं. माझ्या पोरींला न्हाई आलं." ती हसली. मग म्हणाली, "परवा निघताव. औंदा मुंजाजीला घोड्यावर बांधूनच न्यावं लागंल. त्याचं पाय गेलं दिवाळीपासून." मुंजाजी म्हणजे तिचा नवरा. मेंढराच्या मागे वारा धावावा तसा धावणारा माणूस मी पाहिलेला होता.

त्या रात्री मला झोप चांगली लागली. पण सकाळी उठले ते गावाकडेच निघाले. सत्यशीलाबाई ओसरीवर बोटांना हळद लावून बसल्या होत्या.

"आता काय मागायला आलात?"

"टाकळमाळच्या एका घराच्या मेंढ्या आपल्या पट्ट्यात येऊ द्या. सारजाबाईच्या. चाळीस हायेत. तिचा मालक उठत न्हाई."

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "तीन साल त्यांनी आपल्याला एक काडी दिली?"

"न्हाई दिली. आपुन मागितली बी न्हाई."

"मग जितलाव कशाला आपुन?"

"जितलाव म्हणून तर तुमच्याकडं आले. हारले असते तर कुणाकडं जाणार हुते?"

"गाव काय म्हणंल, बायनाबाई?"

"गाव काय, जिमीन वल्ली हुती बी म्हणतंय."

त्या हसल्या नाहीत. उठल्या, ओसरीच्या खुंटीवर दोर अडकवला, सारखा केला, पुन्हा काढून नीट वेटोळं घातलं. मी उठले नाही.

"भरावाकडची कड," शेवटी त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "तेवढीच. आन वाळकाला तोंड लावलं तर तुमचा मेंढा मी ठिवून घेईन."

"कोणता?"

"तोच. त्याचं माझं अजून मिटलं न्हाई."

गावात दोन-चार जणांनी कुरकुर केली. सत्यशीलाबाईंनी त्यांना दोराच्या टोकाला उभं राहायला बोलावलं. कोणी आलं नाही.

वैशाखाच्या शेवटी मोहिनीला कळा सुरू झाल्या, तेव्हा विजयसिंहांनी जीप काढली. पाटोद्याच्या दवाखान्यात ती खाटेवर बाळंत झाली. मुलगी आहे. माझं बोट धरते तर सोडत नाही.

सारजाबाई रोज संध्याकाळी भरावाकडच्या कडेला येते. मुंजाजी बाजेवर बसून लांबूनच मेंढ्यांवर ओरडतो. काल ती मला म्हणाली, "बायने, फुडल्या साली हाक माझी हाय. अमरसिंहाला सांगून टाकलंय, शिट्टी घरी ठिवून यायचं."

ती खोटं बोलणारी बाई नाही. म्हणून आज सकाळीच मी राधाकिशनकडे जाऊन आले. त्याची म्हैस आता आम्हाला ओळखते, आठ जणींना बघितलं की जागेवरच उभी राहते. तिचा काही उपयोग राहिला नाही. राधाकिशन म्हणतो, त्याच्या मेहुण्याकडे एक हल्या आहे, म्हणजे रेडा, तिच्या दीडपट. उद्या संध्याकाळी आणणार आहे. छबुबाईला निरोप धाडला आहे.